आफ्रिकेतल्या ॲग्रोइकॉलॉजी संशोधनाला गोव्यातून निधी: धोरणापर्यंत पोचेल असा प्रस्ताव कसा निवडायचा?

सालनदी (मडगाव)

नमस्कार मंडळी. मडगावातल्या एका कौटुंबिक न्यासाच्या वतीने विचारते आहे. घराण्यातली माणसे पूर्वी नैरोबी आणि दार-ए-सलामला नोकरीधंद्याला होती. म्हणून पूर्व आफ्रिकेतल्या शेतीसंशोधनासाठी तीन वर्षांत मिळून १ कोटी २० लाख रुपये द्यायचे ठरले आहे. विषय ॲग्रोइकॉलॉजी, म्हणजे मिश्र पिके, घरचे बियाणे, मातीची निगा, विकतच्या खतांवरचा भार कमी. विश्वस्तांची अट एकच: कामाचा माग तिथल्या सरकारी धोरणात दिसला पाहिजे. निबंध छापून आला आणि कपाटात गेला, असे नको.

समोर पाच प्रस्ताव आहेत. पहिला पश्चिम केनियात ४० शेतांवर मक्यात पुश-पुल (एका झाडाने कीड हाकलायची, दुसऱ्याने ओढून घ्यायची) पद्धतीच्या चाचण्यांचा. दुसरा मलावीत खत-अनुदानाच्या कुपनात कडधान्याचे बियाणे घातले तर काय होईल, याच्या अभ्यासाचा. तिसरा टांझानियात शेतकरी गटांनी तयार केलेल्या 'क्वालिटी डिक्लेअर्ड सीड'च्या (तपासणी करून गटाने स्वतः विकायच्या बियाण्याच्या) विक्रीवरच्या मर्यादांचा. चौथा केनियाच्या एका काउंटीत (जिल्ह्यासारखा विभाग, पण स्वतःचे सरकार असलेला) ॲग्रोइकॉलॉजी राबवायला प्रत्यक्ष किती खर्च येईल ते काढण्याचा. पाचवा आमदार-अधिकाऱ्यांसाठी नैरोबीच्या हॉटेलात तीन दिवसांच्या कार्यशाळेचा.

यातले काय घ्यावे? एवढ्या रकमेत धोरणाला धक्का लागतो का, की ती समुद्रात मीठ टाकल्यासारखी जाईल? आणि पैसे पाठवायचे कसे, हेही कोणी सांगितले तर बरे.


वायंगण (डिचोली)

रक्कम लहान नाही. साधारण सव्वा ते दीड लाख डॉलर होतात, आणि एका काउंटीपुरत्या कामाला ते पुरतात. देशपातळीवरच्या कामाला पुरत नाहीत, तेव्हा तो मोह सोडा.

आधी पैसा सध्या कुठे जातो ते पाहा. बायोव्हिजन आणि आयपीईएस-फूड या शेती-अन्नविषयक संस्थांनी २०२० साली आफ्रिकेतल्या शेतीसंशोधनाच्या निधीची छाननी केली. गेट्स फाउंडेशनच्या प्रकल्पांपैकी ८५ टक्क्यांपर्यंत प्रकल्प औद्योगिक शेती किंवा तिची कार्यक्षमता वाढवणे एवढ्यापुरतेच होते. केनियातल्या संशोधन संस्थांच्या प्रकल्पांत हे प्रमाण ७० टक्क्यांहून जास्त निघाले. स्वित्झर्लंडच्या निधीत मात्र निम्म्या प्रकल्पांत ॲग्रोइकॉलॉजीचा काही ना काही अंश सापडला. म्हणजे या विषयात जागा मोकळी आहे. पण ती जागा कुठे मोकळी आहे, हे नीट बघायला हवे.

धोरणाचे कागद आता आहेत. टांझानियाने २०२३-२०३० साठी सेंद्रिय आणि पर्यावरणीय शेतीची राष्ट्रीय रणनीती काढली. केनियाची ॲग्रोइकॉलॉजी रणनीती २०२४-२०३३ ची आहे. केनियातल्या मुरांगा काउंटीने तर २०२२ मध्येच या विषयावर स्वतःचा कायदा केला. खंडाच्या पातळीवर आफ्रिकी देशांच्या २००३ च्या मापुतो घोषणेत अर्थसंकल्पाचे १० टक्के शेतीला द्यायचे ठरले, २०१४ च्या मलाबो घोषणेने तेच पुन्हा म्हटले, आणि चौथ्या द्वैवार्षिक आढाव्यात मलाबोची उद्दिष्टे गाठण्याच्या वाटेवर एकही देश आढळला नाही. जानेवारी २०२५ ला कंपाला घोषणा झाली, ती २०२६ ते २०३५ साठी आहे. तेव्हा घोषणांचा तुटवडा नाही. अडते ते त्यामागच्या खर्चाच्या शीर्षात. कागदावर रणनीती आणि प्रत्यक्ष पैसा खताच्या पोत्यांना, अशी बहुतेक ठिकाणची स्थिती. मलावीत काही वर्षी कृषी अर्थसंकल्पाचा अर्ध्याहून जास्त भाग एकट्या खत-बियाणे अनुदानाने खाल्ला आहे.

म्हणून प्रस्ताव तपासताना एकच प्रश्न विचारा: हा निष्कर्ष कोणत्या टेबलावर, कोणत्या तारखेला जाणार? केनियात शेती हा विषय २०१० च्या राज्यघटनेने ४७ काउंट्यांकडे दिला, आणि काउंटीच्या अर्थसंकल्पाच्या तारखा २०१२ च्या सार्वजनिक वित्त कायद्यात ठरलेल्या आहेत. आर्थिक वर्ष १ जुलैपासून. वार्षिक विकास आराखडा १ सप्टेंबरपर्यंत विधानसभेपुढे ठेवायचा, वित्तीय रणनीतीचा कागद २८ फेब्रुवारीपर्यंत, अंदाजपत्रक ३० एप्रिलपर्यंत. पश्चिम केनियात पावसाचे हंगाम दोन, लांब आणि आखूड. लांब पावसाचा मका जुलै-ऑगस्टला निघतो. कापणीचे आकडे हाती येऊन १ सप्टेंबर गाठायला दोन-तीन आठवडे मिळतात. आकडे शेतावरच मोबाइलच्या फॉर्ममध्ये भरले आणि विश्लेषणाचे कोष्टक आधी तयार ठेवले तरच ते जमते. कागदी वह्या भरून मग शहरात टायपिंग करायचे म्हटले की वर्ष गेले. आखूड पावसाचे पीक जानेवारी-फेब्रुवारीत येते, ते २८ फेब्रुवारीच्या कागदाला कसेबसे लागते.

याहून मोठी संधी पुढे आहे. काउंट्यांचे सध्याचे पंचवार्षिक आराखडे २०२३-२०२७ चे. ऑगस्ट २०२७ ला निवडणूक, आणि नव्या गव्हर्नरांच्या हाताखाली २०२८-२०३२ चा आराखडा लिहिला जाईल. त्या लेखनाच्या सुमारास तुमचे आकडे तयार असतील तर ते पाच वर्षांच्या शीर्षात बसू शकतात. चुकले तर पुढची पाच वर्षे दरवर्षी तुकड्यातुकड्यांनी भांडा.

या हिशेबाने चौथा प्रस्ताव, म्हणजे काउंटीचा खर्च काढण्याचा, पहिल्या क्रमांकावर ठेवा. त्यात एवढे हवेच: एका वॉर्डात किती विस्तार अधिकारी लागतील, एका गटाला बियाणे आणि कंपोस्टची सोय करायला किती, हेक्टरी मजुरीचे तास किती वाढतात, खतावरचे किती अनुदान वाचते, आणि तिसऱ्या वर्षापासून काउंटीवर किती बोजा राहतो. वित्त विभागाचा माणूस पहिल्या दिवसापासून अभ्यासगटात हवा. कृषी विभागाचा पुरत नाही, कारण कात्री वित्त विभागाच्या हातात असते.

मलावीचा प्रस्ताव चांगला आहे, पण झांबियाचा धडा त्यात घातला नसेल तर परत पाठवा. झांबियाने २०१५-१६ मध्ये १३ जिल्ह्यांत ई-व्हाउचर सुरू केले. ठरावीक खताच्या पोत्याऐवजी शेतकऱ्याने स्वतः निवड करावी, अशी ती योजना. २०१७-१८ ला ती देशभर गेली आणि मग मागे फिरली. कार्डावर पैसे उशिरा चढले, दुकानदारांची बिले थकली, नेटवर्क नव्हते. शेतकरी कडधान्याचे बियाणे घेईल की नाही हा प्रश्न नंतरचा. पेरणीच्या आठवड्यात ते दुकानात असेल का, हा पहिला.

कार्यशाळा नको. हॉटेल आणि भत्त्यांत पैसे जातात, आणि आलेला अधिकारी सहा महिन्यांत बदलून जातो.


जमाखर्च (पणजी)

फक्त पैशांचे बोलतो, शेतीतले मला विचारू नका.

भारतातल्या धर्मादाय न्यासाने परदेशात खर्च केला तर तो आयकरातल्या सवलतीसाठी आपोआप धरला जात नाही. १९६१ च्या कायद्यातल्या कलम ११(१)(सी) प्रमाणे, १ एप्रिल १९५२ नंतरच्या न्यासाने भारताला रस असलेल्या आंतरराष्ट्रीय कल्याणाच्या कामासाठी बाहेर खर्च केला तरच सवलत, आणि त्यासाठी प्रत्यक्ष कर मंडळाचा सामान्य किंवा खास आदेश हवा. नवा २०२५ चा कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू, तेव्हा कलमांचे आकडे बदलतात. तुमच्या सीएकडून नव्या आकड्यानेच लेखी मत घ्या. आदेशाशिवाय पैसे गेले तर त्या रकमेवर कर बसतोच, शिवाय नोंदणीवर प्रश्न येऊ शकतो.

परकीय चलनाची बाजू वेगळी. एलआरएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची योजना, फक्त निवासी व्यक्तींसाठी आहे, माणशी आर्थिक वर्षाला २ लाख ५० हजार डॉलर, आणि देणगी त्यातच मोडते. न्यास, कंपनी, भागीदारी त्यात बसत नाहीत. म्हणजे न्यासाऐवजी विश्वस्तांनी व्यक्तिशः पैसे पाठवायचे तर वाट सोपी: बँकेचा ए-२ फॉर्म, पॅन, देणगीपत्र. वर्षाला १० लाखांवरच्या रकमेला २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापला जातो. तो विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो, तो अंदाजपत्रकात धरा. देणगीवरची ८०जी करसवलत मिळणार नाही. घरच्या कंपनीच्या सीएसआरमधून (कायद्याने ठरलेल्या सामाजिक खर्चातून) पाठवायचा विचार असेल तर तोही सोडा, भारताबाहेरचे काम सीएसआरमध्ये मोजत नाहीत.

गोव्यात हमखास निघणारी भानगड म्हणजे पोर्तुगीज पासपोर्ट. घरातल्या ज्यांनी तो घेतला आहे त्यांची देणगी तुमच्या न्यासात आली तर ती परकीय योगदान, मग ती व्यक्ती मडगावात राहत असो की लिस्बनला. एफसीआरए, म्हणजे परकीय देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी नसेल तर घेताच येत नाही. असली तरी २०२० च्या दुरुस्तीनंतर ते पैसे दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाहीत. त्यापेक्षा त्यांनी आपल्या तिथल्या खात्यातून थेट केनियातल्या संस्थेला द्यावे. न्यासाला मध्ये आणूच नका. बहुतेक कुटुंबांना हीच वाट सर्वात स्वस्त पडते.


जांभाकातळ (काणकोण)

वायंगणबाब म्हणतात ते तारखांच्या बाबतीत खरे. पण चाचण्यांना इतके दुय्यम लेखू नका. वित्त विभागाला दिलेला आकडा शेतात टिकला नाही तर दुसऱ्या वर्षी तोच आकडा विरोधकांच्या हातात जातो.

उदाहरण म्हणून मका घ्या. हेक्टरी ३ टन दाणा निघाला तर नुसत्या दाण्याबरोबर साधारण ४५ किलो नत्र आणि ९ किलो स्फुरद शेताबाहेर जाते. नत्र कडधान्यातून काही अंशी परत आणता येते. स्फुरद हवेतून येत नाही. शेणखतात सुक्या वजनावर ०.२ ते ०.३ टक्के स्फुरद धरले तर ९ किलोसाठी ३ ते साडेचार टन सुके खत लागते. रात्री गोठ्यात बांधलेल्या देशी गाईचे वर्षाला गोळा होणारे सुके शेण टनाच्या आसपास. म्हणजे हेक्टरी तीन-चार गाई, आणि त्यांची वैरण कुठून तरी यायला हवी. पश्चिम केनियातल्या बऱ्याच जमिनी आपल्या जांभ्याच्या जमिनीसारख्या आम्ल, लोह-ॲल्युमिनियमवाल्या. त्यातले स्फुरद मातीच बांधून ठेवते. 'खत बंद' असा निष्कर्ष धोरणात गेला तर चार वर्षांनी उत्पादन घसरते आणि सगळ्या ॲग्रोइकॉलॉजीला नाव ठेवले जाते. टांझानियात मिंजिंगूला रॉक फॉस्फेट, म्हणजे स्फुरदाचा खनिज दगड, आहे, आम्ल जमिनीत ते हळूहळू विरघळते. त्याचा पर्याय प्रस्तावात आहे का ते बघा. अन्नद्रव्यांचा जमाखर्च नसलेला एकही प्रस्ताव मंजूर करू नका.

पुश-पुलचे शास्त्र चांगले बसलेले आहे. नैरोबीच्या इसिपे संस्थेने इंग्लंडच्या रॉथमस्टेडबरोबर ते १९९० च्या दशकात उभे केले. मक्याच्या ओळींमध्ये डेस्मोडियम हे शेंगवर्गीय चारापीक लावतात. त्याच्या वासाने खोडकिडीचे पतंग दूर जातात आणि कडेच्या नेपियर गवताकडे ओढले जातात. शिवाय डेस्मोडियमच्या मुळांतल्या स्रावाने स्ट्रायगा या परजीवी तणाचे बी उगवते, पण मक्याला चिकटू शकत नाही, मरते. हे पुन्हा ४० शेतांवर सिद्ध करायला पैसे घालवायचे कारण नाही. अडचण दुसरीकडे आहे. डेस्मोडियमचे बी महाग आणि दुर्मीळ, पहिल्या हंगामात त्याची वाढ सावकाश, तेव्हा खुरपणी जास्त. नेपियरवर खुजा रोग आला की कडेचे गवतच जाते, म्हणून ब्रॅकियारिया गवत लावायला लागले. बी कोण पिकवणार, तोडलेल्या कांड्यांवर लागवड चालते का, काउंटीच्या रोपवाटिकेत किलोला काय खर्च येतो, असा प्रस्ताव फिरवून मागा. तसा केला तर पहिला प्रस्ताव चौथ्याचा भाग होऊ शकतो.

मोजमापाच्या काही गोष्टी करारातच लिहून घ्या. उत्पादन शेतकऱ्याला विचारून नको. ५ मीटर बाय ५ मीटरचा चौकोन कापून, ओलावा मोजून, सगळीकडे एकाच ओलाव्यावर आणून लिहायचे. ज्यांनी आपण होऊन पद्धत घेतली त्यांची तुलना न घेणाऱ्यांशी करायची नाही, कारण आपण होऊन घेणारा शेतकरी मुळातच जास्त जमीन, जास्त जनावरे किंवा जास्त उमेद असलेला असतो. त्याऐवजी इच्छुकांची यादी करून त्यातल्या निम्म्यांना चिठ्ठ्या टाकून पहिल्या वर्षी आणि उरलेल्यांना दुसऱ्या वर्षी सुरुवात द्या. मातीचा नमुना ० ते २० सेंटिमीटर, एका शेतातून पंधरा-वीस ठिकाणचा मिसळून, आणि तो पेरणीच्या आधी. सेंद्रिय कर्ब तीन वर्षांत वाढलेला दाखवू असे कोणी लिहिले असेल तर शंका घ्या, एवढ्या काळात नमुन्यातला चढउतारच त्याहून मोठा असतो. पाणी मुरण्याचा वेग आणि मातीचे कण एकमेकांना धरून ठेवण्याची ताकद त्याआधी बदलताना दिसते.

मजुरीचे तास दर आठवड्याला, बाई-पुरुष वेगळे नोंदवा. बुर्किना फासोतल्या झाई खड्ड्यांसारख्या (पाणी-खत धरायला खोदलेल्या लहान पेरणीच्या खड्ड्यांच्या) पद्धतीला खोदाईलाच हेक्टरी सुमारे ३०० तास लागतात. मजुरी शून्य धरून काढलेला फायदा कागदावरच राहतो.

हंगामही बघा. पश्चिम केनियात वर्षाला दोन पिके, तीन वर्षांत सहा. मलावीत पाऊस नोव्हेंबर ते एप्रिल, पीक एकच. पहिला हप्ता डिसेंबरनंतर पोचला तर वर्ष वाया गेले म्हणून समजा. भुईमूग आणि तूर एकत्र, मग पुढच्या वर्षी मका, अशी फेरपालट तिथे चालते. तिचे एक चक्र पुरे व्हायलाच दोन वर्षे लागतात. तीन वर्षांच्या निधीत दीड चक्र बसते, त्यावरून अनुदानाचे धोरण बदला म्हणणे धाडसाचे.


दोनापावला_३

इथे खाजनाचे (खाडीकाठच्या बांध घातलेल्या भातशेतीचे) बांध फुटून खारे पाणी शेतात येते आहे, त्यावर कोणी संशोधन करत नाही, आणि गोव्याचे पैसे केनियाला? छान आहे.


मानशी (दिवाडी)

दोनापावलाबाब, राग समजतो, पण संशोधन होत नाही हे बरोबर नाही. जुन्या गोव्याच्या एला इथल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने कोरगुट या स्थानिक भातातून निवड करून 'गोवा धान' मालिकेतले खारे पाणी सोसणारे वाण दिले आहेत. वाण आहे. बांध आणि मानशीचा, म्हणजे बांधातल्या पाणदाराचा, कारभार बिघडला आहे. मानशीवरच्या मासळीचा लिलाव होतो, पैसे कूळ संघाकडे जातात, ठेकेदार जास्त मासळीसाठी दारे नको तेव्हा उघडी ठेवतो, आणि खारे पाणी शेतात चढते. बांधाची जबाबदारी १९७५ च्या नियमांनी कूळ संघांवर दिली, पण कूळ शेतीच करत नसेल तर बांध बघायला जातो कोण?

हे मुद्दाम लिहिले, कारण नेमकी हीच शेती पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर आहे. गिनी-बिसावमध्ये तिला बोलान्या म्हणतात. खारफुटी तोडून मातीचे बांध, भरतीचे पाणी अडवणे, पहिल्या पावसाने मीठ धुऊन काढणे, मग भात. बालांता लोक लांब दांड्याच्या लाकडी फावड्याने उंच सरी काढतात, म्हणजे मीठ सरींमधल्या चरातून निघून जाते. पूर्वी पोकळ खोडाची पाणदारे, आता पीव्हीसी पाइप. बिघाडही ओळखीचे: तरुण शहरात गेले, बांध दुरुस्तीला माणसे नाहीत, पाऊस उशिरा आला की मीठ धुतले जात नाही. एक धोका मात्र आपल्यापेक्षा मोठा आहे. बऱ्याच जमिनीत गंधकयुक्त पायराइट आहे. बांध घालून जमीन पूर्ण सुकवली की त्याला हवा लागते, आम्ल तयार होते आणि सामू ४ च्याही खाली जातो. मग तिथे काही उगवत नाही. मोठ्या काँक्रीट बांधांच्या योजना अशाच फसतात. समुद्र पूर्ण अडवला की जमीन मेली.

तेव्हा १ कोटी २० लाखांतले वीसेक लाख इकडे वळवता आले तर बघा. प्रश्न असा मांडायचा: पाणदाराचा हक्क कोणाकडे असला तर बांध टिकतो? हे थेट धोरणाचे काम आहे. मोजायला फार काही लागत नाही. हातातला ईसी मीटर (क्षारता मोजायचा), सामू पट्ट्या, पहिल्या पावसापासून लावणीपर्यंत दर आठवड्याला एकाच ठिकाणचे वाचन. भाताला मातीच्या अर्काची क्षारता ३ डेसिसीमेन्स प्रति मीटरपर्यंत चालते, त्यापुढे प्रत्येक एककाला उत्पादन सुमारे १२ टक्क्यांनी उतरते. शेताच्या पाण्याचे वाचन आणि मातीच्या अर्काचे वाचन एक नव्हे, अहवालात दोन्ही वेगळी लिहून घ्या.

देश निवडताना सावध. गिनी-बिसावमध्ये नोव्हेंबर २०२५ ला लष्कराने सत्ता घेतली, तिथे धोरण बदलायला सध्या टेबलच स्थिर नाही. सिएरा लिओनमध्ये मात्र रोकुप्र इथे खारफुटी भाताचे संशोधन केंद्र १९३४ पासून आहे, त्यांचे आरओके वाण त्या भागात चालतात, आणि कारभार इंग्रजीत. माझे मत तिकडे. गोवा धानचे बी मात्र कोणी पिशवीत घालून नेऊ नये. जैवविविधता कायद्याखाली राष्ट्रीय प्राधिकरणाची मंजुरी लागते, आणि तिकडच्या वनस्पती संसर्गरोध खात्याचा परवानाही.


सालनदी (मडगाव)

सर्वांचे आभार. पासपोर्टची गोष्ट विश्वस्तांना माहीतच नव्हती, ते आता लिस्बनच्या नातेवाइकांशी बोलत आहेत. पहिला आणि चौथा प्रस्ताव एकत्र करून मागवायचे ठरते आहे, आणि खारभूमीसाठी वेगळी लहान रक्कम. एक राहिले: टांझानियाच्या बियाण्याचा प्रस्ताव कोणीच घेतला नाही. आणि हप्ते कसे पाडायचे?


वायंगण (डिचोली)

बियाण्याचा विषय महत्त्वाचाच, फक्त तो संशोधनाइतकाच कायद्याचा आहे. टांझानियात शेतकरी गटाला तपासणी करून 'डिक्लेअर्ड' बी विकता येते, पण ठरलेल्या हद्दीतच. हद्द वाढवली तर उगवण आणि शुद्धता टिकते का, एवढाच नेमका प्रश्न ठेवला तर कमी पैशात उत्तर मिळते: गटांच्या पोत्यांतले नमुने, उगवण चाचणी, प्रमाणित बियाण्याशी तुलना. निकाल काहीही आला तरी छापायचा, हे आधी लिहून घ्या. केनियात नोंदणी नसलेले बी विकण्या-वाटण्यावर शिक्षा सांगणाऱ्या तरतुदी नोव्हेंबर २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवल्या. त्यामुळे तिथे बियाण्याच्या नियमांची फेरमांडणी होण्याची शक्यता आहे, आणि टांझानियाचे आकडे केनियातही उपयोगी पडतील. तुमच्या मुख्य कामात बियाण्याचा एक उपविषय म्हणून घाला.

हप्त्यांबद्दल. ३०, ३०, २५, १५ टक्के असे पाडा. शेवटचा हप्ता १५ च्या वर नेऊ नका. विद्यापीठ स्वतःच्या तिजोरीतून काही महिने काढते, शेतकरी संघटनेकडे ती तिजोरी नसते, ती नोंदणीदार मुलांचे पगार थकवते आणि तिथून आकडे बिघडायला सुरुवात होते. शेतकरी संघटनेचे पैसे विद्यापीठामार्फत नको, वेगळा करार आणि वेगळे खाते. विद्यापीठाचा प्रशासन खर्च किती टक्के, ते सुरुवातीलाच ठरवा.

हप्ता कशावर सोडायचा हे नीट लिहा. 'धोरण बदलले' ही अट घालू नका, ती कोणत्याच संशोधकाच्या हातात नसते, आणि घातली की अहवालात थापा सुरू होतात. पहिल्या वर्षाअखेर: संशोधन परवाना मिळाला, पेरणीपूर्व नमुने झाले, कच्चे आकडे तुमच्याकडे पोचले. दुसऱ्या वर्षी: खर्चाचे कोष्टक वित्त विभागाच्या अधिकाऱ्याने तपासून त्यावर लेखी शेरे दिले, आणि अर्थसंकल्पावरच्या जनसुनावणीत शेतकरी संघटनेने ते मांडले, त्याचे इतिवृत्त. तिसऱ्या वर्षी: पंचवार्षिक आराखड्याच्या मसुद्यासाठी दिलेले निवेदन आणि काउंटीचे उत्तर, नकार असला तरी चालेल. नकाराचे कारण लेखी मिळणे हीसुद्धा पुढच्या कामाची सामग्री आहे.

परवान्याला वेळ धरा. केनियात नाकोस्टीचा संशोधन परवाना, टांझानियात कोस्टेकचा (हे तिथले सरकारी विज्ञान आयोग), आणि परदेशी संशोधक असेल तर स्थानिक संस्थेशी जोड दाखवावी लागते. माती भारतात आणून तपासायचा विचार कोणी मांडला तर नाही म्हणा. इथे मातीच्या आयातीवर संसर्गरोधाचे निर्बंध आहेत, आणि तिथे प्रयोगशाळा आहेत.

सरकारी अधिकाऱ्यांचा बैठक भत्ता ही अवघड जागा. तो मागितला जाणार. दर शासकीय परिपत्रकाप्रमाणे, फक्त प्रवास आणि मुक्काम, हजेरीपटावर सही, असे करारात घाला. मग बैठकीच्या दिवशी दारात घासाघीस होत नाही. शेतातल्या मुलांचे पैसे एम-पेसावर (तिथल्या मोबाइल पैशांच्या सेवेवर) जातील, त्याचे स्टेटमेंट पावती म्हणून धरायचे हे तुमच्या लेखापरीक्षकाला आत्ताच सांगा, नाही तर वर्षअखेरीला तो छापील बिले मागत बसेल.

रक्कम डॉलरमध्ये ठरवा आणि एका शीर्षातून दुसऱ्यात १० टक्क्यांपर्यंत वळवायची मुभा द्या. मलावीने नोव्हेंबर २०२३ मध्ये क्वाचा या आपल्या चलनाचे ४४ टक्के अवमूल्यन केले होते. स्थानिक चलनात बांधलेले अंदाजपत्रक असल्या वेळी एका दिवसात मोडते.


जमाखर्च (पणजी)

डॉलरमध्ये ठरवा, पण रुपयांची वरची मर्यादाही विश्वस्तांच्या ठरावात लिहा. रुपया घसरला तर १ कोटी २० लाखांत तिसरा हप्ता बसणार नाही. आणि देणगीपत्रात पैसे कोणाच्या नावे, कोणत्या बँकेत, कशासाठी हे एकाच वाक्यात असू दे. बँक ए-२ सोबत तेच बघते.